विश्लेषण : कंपनीचा डेटा किती काळ ठेवायचा, हे ठरवणार कोण?

नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे ईमेल कधी पुसायचे, सर्व्हरच्या नोंदी किती दिवस जपायच्या, पोलिसांची नोटीस आली तर काय करायचे? लहान-मध्यम कंपन्यांत हे सारे एकट्या आयटी ॲडमिनवर सोडलेले असते. कायदे मात्र अनेक आहेत आणि प्रत्येकाची मुदत वेगळी.

दोन महिन्यांपूर्वी रात्री साडेदहाला एका वर्गमित्राचा फोन आला. अभियांत्रिकीची चार वर्षे आम्ही एकाच बाकावर काढली. पुढे मी बातम्यांकडे वळलो आणि तो चाकण परिसरातल्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आयटी ॲडमिन झाला. कंपनीत दीडशेच्या आसपास माणसे आणि आयटी विभाग म्हणजे हा एकटा. सर्व्हर त्याच्याकडे, वाय-फाय त्याच्याकडे, प्रिंटरचा टोनर आणि गेटवरच्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआरही त्याच्याकडेच.

‘‘अरे, पुसलेला मेलबॉक्स बावन्न दिवसांनी परत आणता येतो का?’’ हा त्याचा पहिला प्रश्न.

नाही येत. हे त्यालाही माहीत होते, फक्त दुसऱ्या कुणाकडून तरी खात्री करून घ्यायची होती.

झाले होते असे. विक्री विभागातला एक अधिकारी नोकरी सोडून गेला. लेखा विभागातून फोन आला, की गेलेल्या माणसाच्या लायसन्सचे पैसे दर महिन्याला कशाला भरायचे, खाते काढून टाक. याने काढले. पावणेदोन महिन्यांनी एका मोठ्या ग्राहकाने वाढीव दराचे बिल अडवले. असा दर आम्ही कधी मान्यच केला नव्हता, असे त्याचे म्हणणे. मान्यतेचा ईमेल त्या गेलेल्या अधिकाऱ्याच्या मेलबॉक्समध्ये होता. कंपनीच्या वकिलांनी तो मागितला आणि सगळे माझ्या मित्राकडे पाहू लागले. ‘‘तू पुसलेसच कसे?’’ असे साहेबांनी विचारले. पुसायला सांगणारे लेखा अधिकारी त्याच बैठकीत समोर बसले होते. पण त्यांचे सांगणे तोंडी होते.

चूक कुणाची, यावर आमचा त्या रात्री तासभर वाद झाला. तो स्वतःला दोष देत होता. माझे मत तेव्हाही वेगळे होते आणि या विषयातले कायदे वाचून काढल्यावर ते अधिक पक्के झाले आहे. कोणता डेटा किती काळ ठेवायचा, हा व्यवस्थापनाने घ्यायचा निर्णय आहे. आपल्याकडे तो कुणी घेतच नाही, म्हणून न घेतलेल्या निर्णयाचे खापर ॲडमिनच्या माथी फुटते.

आज हा निर्णय कोण घेते?

खरे सांगायचे तर सॉफ्टवेअरची मूळ सेटिंग्ज घेतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये एखाद्याचे खाते काढून टाकले, की मेलबॉक्स ३० दिवसांपर्यंत परत आणता येतो. त्यानंतर तो गेला. गूगल वर्कस्पेसमध्ये हीच मुदत २० दिवसांची आहे. मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्रा आयडी सेवेच्या मोफत आवृत्तीत कोण कधी कुठून लॉगिन झाले याच्या नोंदी ७ दिवस राहतात, पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीत ३० दिवस. विंडोज सर्व्हरवर सुरक्षाविषयक नोंदींच्या फाइलचा मूळ आकार २० एमबी असतो. ती भरली की जुनी नोंद पुसून तिच्या जागी नवी बसते. गर्दीच्या सर्व्हरवर ही फाइल भरायला दिवसभरही लागत नाही. डीव्हीआरचेही तसेच. हार्डडिस्क भरली की सर्वांत जुने चित्रीकरण जाते.

हे आकडे ठरवताना त्या कंपन्यांसमोर साठवणुकीचा खर्च होता. भारतातल्या कायद्याशी त्यांचा काही संबंध नाही. आणि तरीही बहुतेक कार्यालयांत डेटा जपण्याचे धोरण म्हणून हेच आकडे लागू असतात, कारण दुसरे कुठले धोरण कुणी लिहिलेलेच नसते.

धोरण लिहिलेले असले तरी धोका संपतो असेही नाही. ऑगस्ट २०२० मध्ये केपीएमजी या बड्या लेखा व सल्लागार कंपनीत काय घडले ते आयटी क्षेत्रात आजही सांगितले जाते. एका खात्याला डेटा जपण्याच्या धोरणातून वगळायचे होते. बदल करताना तो त्या एका खात्याऐवजी सगळ्या कंपनीला लागू झाला आणि सुमारे १ लाख ४५ हजार वापरकर्त्यांचे टीम्सवरचे वैयक्तिक चॅट पुसले गेले. ते परत आणता आले नाहीत. इतक्या मोठ्या कंपनीत, इतक्या यंत्रणा असताना एका माणसाच्या हातून हे होऊ शकते. मग दीडशे जणांच्या कंपनीत जिथे एकाच माणसाकडे सगळे पासवर्ड आहेत, तिथे काय होईल?

कायदा किती काळ ठेवायला सांगतो?

याचे एक उत्तर नाही आणि सगळी अडचण तिथेच आहे.

सर्व्हर आणि नेटवर्कच्या नोंदींपासून सुरुवात करू. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. त्यानुसार कंपन्यांनी आपल्या सर्व माहिती-तंत्रज्ञान प्रणालींचे लॉग चालू ठेवायचे आणि मागच्या १८० दिवसांचे लॉग भारतीय अधिकारक्षेत्रात सांभाळायचे. सायबर हल्ला किंवा तशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचे. हे निर्देश फक्त बँका किंवा दूरसंचार कंपन्यांसाठी नाहीत. कोणत्याही कंपनीला ते लागू आहेत. आता वरचे ७ दिवस, ३० दिवस आणि २० एमबी हे आकडे या १८० दिवसांशेजारी ठेवून पाहा. ज्या ॲडमिनने मूळ सेटिंग्जना हातच लावला नाही, त्याची कंपनी आज, या क्षणी नियम मोडते आहे, आणि मालकाला त्याचा पत्ताही नाही.

याच निर्देशांत एक कमी चर्चिले गेलेले कलम आहे : सर्व यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय माहिती-विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवलेली असावीत. वाचताना हे किरकोळ वाटते. पण गेटवरचा डीव्हीआर पस्तीस मिनिटे मागे असेल आणि सर्व्हर बरोबर वेळ दाखवत असेल, तर चोरी आधी झाली की लॉगिन आधी झाले, हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात. उद्या सकाळी आपल्या कार्यालयाचा डीव्हीआर किती वाजले दाखवतो, ते पाहा.

हिशेबाच्या वह्यांची गोष्ट निराळी. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ नुसार त्या किमान आठ आर्थिक वर्षांच्या जपाव्या लागतात. त्या संगणकावर असतील तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घेतला गेला पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहणे आणि ती नोंद बंद करता न येणेही बंधनकारक आहे. जीएसटीची मुदत ७२ महिन्यांची. पण ती मोजायची त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून. म्हणजे २०२४-२५ या वर्षाची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२५ धरली, तर त्या वर्षाची कागदपत्रे डिसेंबर २०३१ पर्यंत लागतील. एखादे अपील सुरू असेल, तर त्याचा निकाल लागल्यानंतरही एक वर्ष. ही सगळी माहिती लेखा विभागाला तोंडपाठ असते. पण त्या वह्या ज्या सर्व्हरवर आहेत तो भंगारात काढायचा निर्णय होतो, तेव्हा लेखा विभागाला कुणी विचारत नाही, आणि विचारले तरी ‘ते आयटीला विचारा’ असे उत्तर येते.

कलम १२८ मध्ये जबाबदार कोण, हेही लिहिलेले आहे. व्यवस्थापकीय संचालक, वित्त सांभाळणारा पूर्णवेळ संचालक, मुख्य वित्त अधिकारी आणि संचालक मंडळाने हे काम सोपवलेली व्यक्ती. संचालक मंडळाने सोपवलेले नसेल, तर ॲडमिन या यादीत नाही. हे माझ्या मित्राला कुणी सांगितलेले नव्हते.

मग सगळेच ठेवून दिले तर?

हे सगळे ऐकून बहुतेक ॲडमिन एकच उपाय करतात : काहीही पुसायचे नाही. हार्डडिस्क स्वस्त आहे, भरली तर आणखी एक घ्या. पूर्वी हे खपून जायचे, यापुढे नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या आठव्या कलमात म्हटले आहे, की ज्या कामासाठी वैयक्तिक माहिती घेतली ते काम संपले किंवा संमती मागे घेतली, की ती माहिती पुसली पाहिजे; दुसऱ्या एखाद्या कायद्यासाठी ती ठेवणे आवश्यक असेल तेवढा अपवाद. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. वैयक्तिक माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

‘आमच्याकडे कुठली वैयक्तिक माहिती, आम्ही नट-बोल्ट बनवतो’ असे एका उद्योजकाने मला सांगितले. त्यांच्याकडे प्रत्येक कामगाराचे आधार आणि पॅन आहे, बँक खाते आहे, दरवर्षीच्या वैद्यकीय तपासणीचे अहवाल आहेत, आणि मुलाखतीला येऊन नाकारल्या गेलेल्या शेकडो मुलामुलींचे बायोडेटा आहेत. पत्रकारितेत येण्याआधी मी अकरा महिने एका कंपनीत आयटी सपोर्टचे काम केले. तिथे सामायिक ड्राइव्हवर ‘एचआर जुने’ नावाचा एक फोल्डर होता. आधार कार्डांच्या प्रती, पगारपत्रके, एका कर्मचारी महिलेच्या प्रसूती रजेची वैद्यकीय कागदपत्रे, सगळे त्यात. कार्यालयातल्या कुणालाही तो उघडता यायचा. मी वरिष्ठांना सांगितले. ‘‘राहू दे, कधी लागले तर?’’ हे त्यांचे उत्तर. मी सोडले तेव्हाही तो फोल्डर तसाच होता.

‘कधी लागले तर’ची किंमत युरोपात चुकवून झाली आहे. जर्मनीत न्यूरेनबर्ग इथल्या एचअँडएमच्या सेवा केंद्रात वरिष्ठ मंडळी कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या, घरगुती अडचणींच्या, अगदी धार्मिक श्रद्धांच्याही नोंदी लिहून ठेवत. वर्षानुवर्षे त्या नेटवर्क ड्राइव्हवर साठत गेल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये सेटिंगमधल्या एका चुकीमुळे तो ड्राइव्ह काही तास सगळ्या कंपनीला दिसला आणि प्रकरण बाहेर आले. वर्षभराने हॅम्बुर्गच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने सुमारे ३ कोटी ५३ लाख युरोंचा दंड केला. चूक सेटिंगची होती. पण तिथे एवढे काही साठलेलेच नसते, तर दिसले काय असते?

पुसणेही नीट जमले पाहिजे. मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी वित्तसंस्थेने जुने सर्व्हर आणि हार्डडिस्क विल्हेवाटीसाठी अशा एका सामान वाहतूक कंपनीकडे दिले, जिला डेटा नष्ट करण्याचा अनुभवच नव्हता. त्यातली काही यंत्रे ग्राहकांच्या माहितीसकट ऑनलाइन लिलावात विकली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये साडेतीन कोटी डॉलर भरून हे प्रकरण मिटले. आपल्याकडे दिवाळीच्या सफाईत जुने संगणक भंगारवाल्याच्या टेम्पोत चढतात, तेव्हा आतली डिस्क कुणी काढतो का?

सरकारलाही इथे एक प्रश्न विचारायला हवा. कायदा म्हणतो काम संपले की पुसा. त्याच कायद्याचे नियम म्हणतात, की वैयक्तिक माहिती आणि तिच्याशी संबंधित लॉग किमान वर्षभर ठेवा. सर्ट-इन म्हणते १८० दिवस. यांचा मेळ घालता येतो, नाही असे नाही; व्यवहारात लॉग वर्षभर ठेवले की दोन्ही नियम पाळले जातात. पण हा मेळ वकील नसलेल्या, महिन्याला तीस हजार मिळवणाऱ्या ॲडमिनने इंग्रजी राजपत्र वाचून घालायचा, ही अपेक्षा मला पटत नाही. लहान उद्योगांसाठी एका पानाचा मराठी तक्ता काढणे सरकारला अवघड नाही.

जालन्याचा खटला इथे कशाला?

कारण डेटा नुसता जपून भागत नाही, तो न्यायालयात उभा राहावा लागतो, आणि याबाबतचा देशातला सर्वांत महत्त्वाचा निकाल जालन्यातून आला आहे.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा आरोप होता, की खोतकर यांचा अर्ज दुपारी तीनची मुदत उलटून गेल्यावर घेतला गेला. पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांच्या चित्रीकरणाचा. चित्रीकरण हाती होते, पण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारे, तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र नव्हते. गोरंट्याल ते वारंवार मागत होते आणि अधिकारी देत नव्हते. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० रोजी तिथल्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले, की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलेले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे; मात्र शक्य ते सगळे करूनही ते मिळाले नाही, तर त्या पक्षकाराला त्याची शिक्षा होणार नाही. उच्च न्यायालयाचा निर्णय कायम राहिला.

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. त्याच्या कलम ६३ साठी लागणाऱ्या या प्रमाणपत्राचा नमुनाच अधिनियमाच्या अनुसूचीत दिला आहे. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यावर ते उपकरण किंवा ते काम ज्याच्या ताब्यात आहे त्याची सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची. दोन्हीत फाइलचे हॅश मूल्य लिहायचे. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा समजा. एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. आता विचार करा, कंपनीच्या ईमेल सर्व्हरबाबत पहिली सही कुणाची असेल? बहुतेक वेळा ॲडमिनचीच. म्हणजे उद्या उलटतपासणीत त्यालाच विचारले जाईल, की हा मेल तू कधी काढलास, कुठून काढलास, मधल्या काळात त्याला कोण हात लावू शकत होते. त्या वेळी ‘साहेबांनी पेनड्राइव्हवर मागितला म्हणून दिला’ हे उत्तर पुरणार नाही.

म्हणूनच वाद उद्भवण्याची चिन्हे दिसली, की संबंधित डेटा पुसणे तिथल्या तिथे थांबवणे महत्त्वाचे. परदेशी कंपन्यांत याला ‘लीगल होल्ड’ म्हणतात. कायदा विभाग लेखी कळवतो, अमुक माणसांचे, अमुक काळातले मेल आणि फाइल पुढील सूचनेपर्यंत पुसू नका. ॲडमिन ती सेटिंग लावतो आणि लावल्याची नोंद ठेवतो. नव्या डेटा कायद्यातही कायदेशीर हक्क बजावण्यासाठी लागणाऱ्या माहितीला सवलत आहे, त्यामुळे ‘पुसा’ या बंधनाची इथे आडकाठी येत नाही. आपल्याकडच्या मध्यम कंपन्यांत ही पद्धत जवळपास नाहीच. वकिलाला नोटीस येते, मालकाला कळते, एचआरला कळते, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला तीन महिन्यांनी कळते.

तोंडी आदेश आला तर?

हा प्रश्न मी आणखी चार-पाच ॲडमिनना विचारला. सगळे हसले. ‘‘आदेश लेखी येतो कधी?’’

गेलेल्या माणसाचे खाते काढायचा आदेश बहुधा निरुपद्रवी असतो. पण पोलिसांची नोटीस आली आहे, किंवा येणार असे दिसते आहे, आणि वरून फोन येतो, ‘ते जरा साफ करून टाक’, तेव्हा प्रकरण वेगळे होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ नुसार न्यायालय किंवा पोलीस ठाण्याचे प्रभारी अधिकारी इलेक्ट्रॉनिक संदेश आणि उपकरणेही हजर करायला सांगू शकतात. आणि पुरावा म्हणून हजर करावी लागेल अशी इलेक्ट्रॉनिक नोंद, ती हजर होऊ नये या हेतूने नष्ट करणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंतचा तुरुंगवास. डिलीटचे बटण ज्याच्या लॉगिनवरून दाबले गेले, त्याचे नाव लॉगमध्ये राहते. फोन करणाऱ्याचे नाव राहत नाही.

त्यामुळे माझे मत याबाबत अगदी ठाम आहे : कोणताही ॲडमिन तोंडी आदेशावर काहीही पुसणार नाही, हा नियम त्याने स्वतःसाठी घालून घ्यावा. भांडायची गरज नाही. ‘‘सर, आपण म्हणालात त्याप्रमाणे अमुक खाते आज काढतो आहे, कृपया दुजोरा द्यावा’’ एवढा एक ईमेल पुरतो. खरेच काम असेल तर दुजोरा येतो. येत नसेल, तर त्यातच उत्तर मिळाले.

आणि व्हॉट्सॲपचे काय?

यावर कुणाकडेच चांगले उत्तर नाही. निम्मे कामकाज कर्मचाऱ्यांच्या खासगी फोनवर चालते. दर तिथे ठरतो, माल तिथे मंजूर होतो. ते ना सर्व्हरवर येते, ना बॅकअपमध्ये. त्यात संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय आहे, २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस.

एका ठिकाणी मात्र हे थेट माणसाला भोवते. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाची तक्रार करायला कायद्याने घटनेपासून तीन महिन्यांची मुदत दिली आहे, आणि सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने. कंपनीच्या चॅटवरचे संदेश ३० दिवसांत आपोआप पुसले जातील अशी सेटिंग कुणी जागा वाचवण्यासाठी केली असेल, तर तक्रारीचे धैर्य गोळा करून ती बाई अंतर्गत समितीपुढे येईपर्यंत पुरावा गेलेला असतो. समितीला कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, पण नसलेला कागद ती कुठून मागवणार? ही सेटिंग करणाऱ्या ॲडमिनच्या मनात वाईट काही नव्हते. हा कायदा त्याला कुणी सांगितला नव्हता, आणि एचआरला ती सेटिंग माहीत नव्हती.

करता येण्यासारखे काय आहे?

माझे वडील जिल्हा परिषदेत लिपिक होते. मित्राचा फोन ठेवल्यावर मी त्यांना ही गोष्ट सांगितली. त्यांना आश्चर्य वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. ‘‘म्हणजे तुमच्या कंपन्यांत दप्तराचे वर्गीकरणच नसते?’’

सरकारी कार्यालयात कागदाला वर्ग असतो. ‘अ’ वर्गातला कायम ठेवायचा, ‘ब’ वर्गातला तीस वर्षे, आणि ‘ड’ वर्गातला वर्षभराने नष्ट करायचा. सहा गठ्ठे पद्धतीत अभिलेख कक्षात पाठवायच्या कागदांचा गठ्ठा वेगळा आणि नष्ट करायच्यांचा वेगळा. प्रत्यक्षात किती कार्यालये हे नीट पाळतात, हा भाग निराळा. वडिलांनाही त्यावर फार बोलायचे नव्हते. पण कागद कुठल्या वर्गातला हे शिपाई ठरवत नाही, आणि नष्ट करण्याआधी यादीवर अधिकाऱ्याची सही लागते, हे तिथे गृहीत आहे. लाखो रुपयांचे क्लाउड घेणाऱ्या कंपनीत हे गृहीत नाही.

तेव्हा कंपनीला लागणारा तक्ता फार मोठा नाही. एका रकान्यात डेटाचा प्रकार, दुसऱ्यात कुठला कायदा, तिसऱ्यात कालावधी, चौथ्यात निर्णय घेणाऱ्याचे नाव. बायोडेटासाठी एचआर प्रमुख, बिलांसाठी वित्त प्रमुख. ॲडमिनचे नाव अंमलबजावणीच्या रकान्यात येईल, निर्णयाच्या नाही. सर्वांत खाली संचालकाची सही. बॅकअप म्हणजे हे दप्तर नव्हे, हेही एकदा सगळ्यांना सांगावे लागेल. बॅकअप सर्व्हर बंद पडला तर काम पुन्हा सुरू करण्यासाठी असतो आणि त्याच्या जुन्या प्रती फिरत्या पद्धतीने पुसल्या जातात. चार वर्षांपूर्वीचा एक मेल शोधून देण्यासाठी तो बनवलेलाच नाही.

गेलेल्या कर्मचाऱ्याच्या खात्याचे तर बिनखर्ची उत्तरही आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ५० जीबीपर्यंतचा मेलबॉक्स ‘शेअर्ड’ प्रकारात बदलला तर त्याला लायसन्स लागत नाही. महिन्याचे पैसे वाचतात आणि मेलही राहतात. माझ्या मित्राला हे माहीत होते. पण फोनवर ‘काढून टाक’ म्हटल्यावर त्याने काढून टाकले.

त्याच्या प्रकरणात पुढे थोडे नशीब साथीला आले. ग्राहकाचा तो मान्यतेचा मेल डिस्पॅच विभागातल्या एका पर्यवेक्षकालाही गेला होता, आणि त्याच्या मेलबॉक्समध्ये तो सापडला. दरपत्रक मात्र मेलला जोडलेले नव्हते. त्यात फक्त गेलेल्या अधिकाऱ्याच्या वनड्राइव्हवरच्या फाइलची लिंक होती. ते खात्याबरोबर गेले. वाद अजून मिटलेला नाही.

गेल्या महिन्यात मित्राने एक पानाचा अर्ज तयार केला, ‘खाते बंद करण्याबाबत’. त्यावर तीन सह्या लागतात : विभागप्रमुख, एचआर आणि वित्त. ‘‘एका मेलबॉक्ससाठी तीन सह्या?’’ असे लेखा अधिकाऱ्यांनी पहिल्याच अर्जावर विचारले, आणि सही केली. त्याच अर्जात ‘डेटा किती काळ ठेवायचा’ असा एक रकाना आहे. तो अजून कोराच जातो. वकिलांना विचारले आहे, उत्तर यायचे आहे.